रंगकाम झालं आणि अँबेसेडर सेल्फ घेईना

प्रश्न वडिलांच्या १९७८च्या अँबेसेडर मार्क ३चा आहे. गाडीचं डेंटिंग-पेंटिंग झालं, त्यातच पूर्ण हार्नेस (गाडीच्या वायरिंगचा जुडगा) नवा टाकला आणि तेव्हापासून सेल्फचा त्रास सुरू झाला. किल्ली फिरवली की कधी ‘टक्’ असा एकच आवाज येतो आणि पुढे काही नाही. कधी तोही येत नाही. कधी पहिल्या फटक्यात गाडी लागते. धक्का दिला की मात्र लगेच सुरू. बॅटरी नवी, सॉलेनॉइड (सेल्फला करंट जोडणारा विजेचा स्विच) नवा, सेल्फ दोनदा रिवाइंड करून झाला. आता एक वायरमन रिले (थोड्या करंटवर मोठा करंट जोडणारा स्विच) टाका म्हणतोय, दुसरा एखाद्या नव्या गाडीचा सेल्फ बसवून देतो म्हणतोय, आणि यातलं काय करावं हे तुम्ही विचारलंय.

दोन्हीतलं काहीच करू नका, निदान इतक्यात तरी. तुम्ही लिहिलंय त्यावरून सेल्फ बिघडलाय असं मला वाटत नाही. बिघाड जोडांमध्ये आहे, आणि बहुतेक एक नाही, दोन आहेत. ‘टक् होऊन थांबणं’ आणि ‘काहीच न होणं’ या दोन वेगवेगळ्या तक्रारी आहेत. त्या एकच समजून शोधत बसलं की माणूस गोंधळतो आणि एकेक पार्ट बदलत सुटतो.

या गाडीत सेल्फची वायरिंग दोन भागांत असते. जाड केबल बॅटरीपासून सॉलेनॉइडच्या एका मोठ्या बोल्टावर येते आणि दुसऱ्या मोठ्या बोल्टावरून सेल्फला जाते. किल्लीकडून येणारी बारीक वायर सॉलेनॉइडच्या आतल्या कॉइलला करंट देते. कॉइल प्लंजर (आतला लोखंडी दांडा) खेचते, आतले तांब्याचे कॉन्टॅक्ट चिकटतात, तो ‘टक्’. म्हणजे ‘टक्’ ऐकू आला तर बारीक बाजूने आपलं काम केलं, बिघाड जाड बाजूला. आवाजच नाही तर आधी बारीक बाजू तपासायची. किल्लीचा स्विच, बारीक वायर, सॉलेनॉइडची कॉइल, आणि त्या कॉइलचं अर्थिंग.

या शेवटच्या गोष्टीकडे फार कमी जणांचं लक्ष जातं. या जुन्या लुकास (गाड्यांचं विजेचं सामान बनवणारी ब्रिटिश कंपनी) पद्धतीत बऱ्याच सॉलेनॉइडना बारीक टोक एकच असतं. कॉइलचं दुसरं टोक आत डब्यालाच जोडलेलं असतं आणि डबा ज्या पत्र्यावर बोल्टने बसतो तोच त्याचा परतीचा रस्ता. तुमच्या रंगाऱ्याने इंजिन रूम सुरेख रंगवली असणार, हल्ली सगळेच रंगवतात. आधी प्रायमर, त्यावर दोन-तीन हात रंग, आणि त्याच्यावर नवा सॉलेनॉइड. मग त्याला अर्थ मिळतो तो फक्त स्क्रूच्या आट्यांतून, जमला तर.

जाड बाजूचंही तेच. इंजिन आणि गिअरबॉक्स रबरी माउंटिंगवर बसलेले असतात, म्हणजे विजेच्या हिशेबाने बॉडीपासून तुटलेले. बॅटरीची निगेटिव्ह बॉडीला, आणि बॉडीपासून इंजिनाला तांब्याच्या तारांची विणलेली पट्टी. सेल्फचा सगळा करंट त्या एका पट्टीतून परत येतो. रंगकामाच्या वेळी पट्टी काढली, परत बसवताना ताज्या रंगावर बसवली, किंवा जुनी काळी पडलेली म्हणून फेकून दिली आणि नवी लावायची राहून गेली. तिन्ही प्रकार मी पाहिलेत.

तुमच्या प्रश्नात एक वाक्य जाता जाता आलंय, पण माझ्या दृष्टीने तेच सगळ्यात महत्त्वाचं आहे. ‘चार-पाच वेळा सेल्फ मारल्यावर चोकची केबल गरम लागते.’ चोकच्या केबलला गरम व्हायचं काहीच कारण नाही. एकच सोडून. इंजिनाला बॉडीकडे जायचा सरळ रस्ता मिळत नसेल, तर करंट मिळेल तो धातू धरतो. चोकची केबल कार्ब्युरेटरपासून डॅशबोर्डपर्यंत जाते, म्हणजे इंजिनापासून बॉडीपर्यंत. ती पातळ तार सेल्फचं ओझं उचलायला बघते आणि तापते. आमच्याकडे आलेल्या एका मार्क २मध्ये किल्ली फिरवली की डॅशखालून धूर यायचा. मालकाला वाटायचं किल्लीच्या मागची वायर जळतेय, म्हणून स्विच दोनदा बदलून झाला होता. धूर येत होता चोकच्या केबलच्या आवरणातून. गिअरबॉक्सजवळ पट्टीचा बोल्ट होता, पट्टी नव्हती.

धक्क्याने गाडी का लागते, हेही यातच आलं. इग्निशनला तीन-चार अँपिअर पुरतात, तेवढे चोकच्या केबलमधूनही जातात. सेल्फला इंजिन फिरवताना दीडशे-दोनशे अँपिअर लागतात. शिवाय डायनॅमोही इंजिनावरच बसलेला असतो, त्याचा परतीचा रस्ताही हाच. तेव्हा गाडी चालू असताना लाइट फडफडत असतील किंवा नवी बॅटरी सारखी उतरत असेल, तर तेही याच खात्यावर टाका.

आता जे परिस्थितीवर अवलंबून आहे ते आधी सांगतो. एक, तुमच्या बॅटरीची निगेटिव्ह केबल बॉडीला आहे की थेट इंजिनाला, ते बघा. काही वायरमन ती इंजिनाच्या बोल्टाला नेतात. तसं असेल तर वरचं चित्र उलटं होतं, सेल्फ नीट फिरतो आणि लाइट-हॉर्न रडतात. दोन, त्याहून जुन्या ब्रिटिश पद्धतीच्या गाड्यांत पॉझिटिव्ह अर्थही असायचा. तुमच्या गाडीत तसं नसावं, पण बॅटरीवरच्या खुणा बघून खात्री करा, मी पुढे निगेटिव्ह अर्थ धरून लिहितोय. तीन, हार्नेस नवा आहे. लुकासच्या रंगसंगतीत किल्लीकडून सॉलेनॉइडला येणारी वायर पांढरी-लाल असते आणि बॅटरीचा थेट पुरवठा तपकिरी. बाजारात बांधून मिळणाऱ्या हार्नेसमध्ये हे रंग पाळलेले असतीलच असं नाही. रंगावर जाऊ नका, टेस्ट लॅम्पवर (एका बाजूला क्लिप, दुसऱ्या बाजूला टोक असलेला तपासणीचा बल्ब) जा.

काम सुरू करण्याआधी गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक वर, चाकाखाली दगड. अँबेसेडरचा गिअर स्टिअरिंगवर आहे आणि लिंकेज झिजलेलं असलं की दांडा न्यूट्रलला दिसतो पण आत गिअर पडलेला असतो, म्हणून हँडब्रेक लावण्याआधी गाडी हाताने पुढेमागे ढकलून बघा. इग्निशन कॉइलची बारीक वायर काढून ठेवा, म्हणजे सेल्फ फिरेल पण इंजिन सुरू होणार नाही. हातातली अंगठी आणि घड्याळ काढा.

पहिली तपासणी हेडलाइटची. हेडलाइट लावून कुणालातरी किल्ली फिरवायला सांगा आणि तुम्ही समोर उभे राहा. ‘टक्’ झालं आणि लाइट एकदम मेले, तर बॅटरी उतरलेली आहे किंवा बॅटरीच्या टोकाचा क्लॅम्प सैल आहे. ‘टक्’ झालं आणि लाइट जसेच्या तसे राहिले, तर करंट सेल्फमधून जातच नाहीये. कारण असं की गाडीच्या बाकी वायरिंगचा पुरवठा सॉलेनॉइडच्या बॅटरीकडच्या बोल्टावरूनच निघतो आणि लाइटचा अर्थ बॉडीला असतो. तिथवर सगळं ठीक आहे म्हणूनच लाइट जोरात आहेत. मग उरतात सॉलेनॉइडचे कॉन्टॅक्ट, पुढची केबल, सेल्फ, किंवा इंजिनाची पट्टी. तुमच्याकडे लाइट मंदावत नाहीत असं निघालं, तर माझा संशय आणखी पक्का होईल.

दुसरी तपासणी जंपर केबलची, आणि तुमच्या गाडीत बहुतेक इथेच निकाल लागेल. चांगल्या जाड जंपर केबलचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरं इंजिनाच्या उघड्या लोखंडाला. रंगवलेल्या भागाला नको, सेल्फचा माउंटिंग बोल्ट उत्तम. आता किल्ली फिरवा. इंजिन झपाट्याने फिरलं तर पट्टीचा प्रश्न, विषय संपला. नवी पट्टी आणा, दोन्ही टोकांखालचा रंग वॉशरच्या मापाएवढा खरवडून पत्रा चकचकीत करा, मध्ये दातेरी वॉशर घाला, बोल्ट आवळा, आणि मग वरून व्हॅसलीन लावा. आधी व्हॅसलीन आणि मग बोल्ट असं नाही. मी अशा गाडीत इंजिनाच्या दुसऱ्या बाजूने आणखी एक पट्टी देतो. दोनदा सेल्फ रिवाइंड करायला गेलेल्या पैशांपुढे तिची किंमत काहीच नाही.

तिसरी तपासणी सॉलेनॉइडच्या रबरी टोपीची. तुमच्या वर्णनावरून सॉलेनॉइड बॉडीवर वेगळा बसवलेला आहे, आणि अशा सॉलेनॉइडच्या टोकाला बहुधा रबरी टोपी असते. ती अंगठ्याने जोरात दाबली की आतला प्लंजर हाताने ढकलला जातो, किल्लीची आणि कॉइलची गरजच उरत नाही. किल्लीवर काही होत नाही पण टोपी दाबल्यावर सेल्फ फिरतो, म्हणजे जाड बाजू ठीक, बारीक बाजू गडबड. नव्या सॉलेनॉइडला टोपी नसेल, तर दोन मोठ्या बोल्टांना पाना लावून ठिणग्या उडवायचं गॅरेजमधलं तंत्र वापरू नका. शेजारी बॅटरी आहे, तिच्यातून हायड्रोजन निघतो.

बारीक बाजू पकडायची ती ‘काहीच होत नाही’ अशा क्षणी. गाडी व्यवस्थित लागत असताना ती तपासून उपयोग नाही. टेस्ट लॅम्पची क्लिप बॅटरीच्या निगेटिव्ह टोकाला लावा, बॉडीला नको, कारण बॉडीच्या अर्थवरच आपला संशय आहे. टोक सॉलेनॉइडच्या बारीक टर्मिनलवर धरा. किल्ली फिरवल्यावर बल्ब लख्ख लागला आणि तरी ‘टक्’ नाही, तर करंट आला पण परत जायला वाट नाही. एक वायर घेऊन सॉलेनॉइडचा डबा आणि बॅटरीची निगेटिव्ह जोडून बघा. लगेच ‘टक्’ वाजलं तर डब्याखालचा रंग खरवडा. बल्ब लागलाच नाही किंवा मिणमिणला, तर मागे किल्लीपर्यंत जा, स्विचच्या आउटपुटवर तीच तपासणी करा.

इथे बाजारातल्या नव्या सॉलेनॉइडबद्दल एक गोष्ट. दिसायला सारखे, बोल्टांना सारखे, पण आतून वेगळे असे निदान तीन प्रकार मिळतात. एकाला बारीक टोक एकच. दुसऱ्याला दोन, कॉइलची दोन्ही टोकं बाहेर काढलेली. त्यातलं एक अर्थला जोडलंच नाही तर सॉलेनॉइड मुका. तिसऱ्यालाही दोन, पण त्यातलं एक कॉइलचं नाहीच. बॅलास्ट पद्धतीच्या इग्निशनच्या (एरवी कॉइलला रेझिस्टरमधून कमी व्होल्ट देणाऱ्या) गाड्यांत सेल्फ फिरत असताना इग्निशन कॉइलला पूर्ण बारा व्होल्ट द्यायचे असतात, ते टोक त्यासाठी असतं. किल्लीची वायर चुकून त्यावर लावली की काही होत नाही. ओळखायचं कसं? वायरी काढून मीटर ओहमवर ठेवा. कॉइलच्या टोकापासून डब्यापर्यंत किंवा दुसऱ्या बारीक टोकापर्यंत काही ओहम दाखवेल. बॅलास्टचं टोक डब्याशी काहीच दाखवणार नाही.

आता मीटरबद्दल, कारण ‘सेल्फवर बारा व्होल्ट येतात, मी मोजले’ असं प्रत्येक जण सांगतो. ओझं नसताना मोजलेल्या बारा व्होल्टांना काही किंमत नाही. गाळाने तुंबलेल्या पाइपलाही नळ बंद असताना पूर्ण दाब असतो, नळ सोडल्यावर धार किती येते ते बघायचं. केबलच्या एका तारेवर लटकलेला जोडही मीटरला बारा व्होल्ट दाखवतो. हिशेब साधा आहे. जोडात एक शतांश ओहम विरोध असेल आणि दोनशे अँपिअर जायचे असतील तर तिथे दोन व्होल्ट खाल्ले जातात. एक शतांश ओहम तुमचा साधा मीटर ओहमवर दाखवूच शकत नाही. म्हणून व्होल्टवर, आणि सेल्फ मारत असताना मोजायचं.

मीटर २० व्होल्ट डीसीवर. काळी पिन बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर, क्लॅम्पवर नाही, प्रत्यक्ष शिशाच्या खांबावर. लाल पिन इंजिनाच्या उघड्या लोखंडावर. किल्ली फिरवा. पाव व्होल्टापर्यंत ठीक. त्याहून जास्त असेल तर लाल पिन मागे मागे आणत या. पट्टीचं इंजिनाकडचं टोक, पट्टीचं बॉडीकडचं टोक, बॉडी, केबलचा लग (टोकाची धातूची कडी), क्लॅम्प. ज्या दोन जागांमध्ये आकडा एकदम पडतो, तो जोड गुन्हेगार. तुमच्याकडे ‘टक्’ होऊन थांबण्याच्या वेळी हा आकडा सरळ आठ-दहा व्होल्ट दिसला तरी दचकू नका. बॅटरीचा जवळजवळ सगळा दाब त्या तुटक्या अर्थवर येऊन बसलेला असतो.

पॉझिटिव्ह बाजूलाही तेच. लाल पिन बॅटरीच्या पॉझिटिव्ह खांबावर, काळी सेल्फच्या टर्मिनलवर. किल्ली फिरवण्याआधी मीटर बारा दाखवेल, ते बरोबर आहे, सॉलेनॉइड उघडा आहे. सेल्फ मारल्यावर आकडा अर्ध्या व्होल्टाच्या खाली आला पाहिजे. जास्त असेल तर दोन्ही पिना सॉलेनॉइडच्या दोन मोठ्या बोल्टांवर ठेवून परत मारा. तिथेच एक व्होल्ट राहत असेल तर आतले कॉन्टॅक्ट जळालेत. नवा सॉलेनॉइड आहे म्हणून तो चांगलाच असेल असं नाही. शेवटी बॅटरीच्या दोन खांबांमध्ये मोजा. स्वस्थ असताना १२.६ च्या आसपास, सेल्फ मारताना साडेनऊ-दहाच्या खाली जाऊ नये. नवी बॅटरीही दुकानात महिनोन्महिने पडून उतरलेली असते, तेव्हा चार्ज करून मगच तिचा न्याय करा.

केबलबद्दल एवढंच, की जाडी बाहेरून बघू नका. तयार मिळणाऱ्या काही केबल वरून बोटाएवढ्या आणि आत तांबं थोडंसं. मी वेल्डिंगची ३५ स्क्वेअर एमएमची तांब्याची केबल आणून त्याला प्रेसने दाबलेले लग लावतो. नुसते हातोड्याने ठोकलेले लग पहिल्या पावसाळ्यात आतून हिरवे होतात.

हे सगळं चोख निघालं आणि तरी त्रास राहिला, तरच सेल्फ उतरवा. आणि उतरवून थेट रिवाइंडिंगला देऊ नका. आधी कार्बन (ब्रश) बघा. होल्डरमध्ये अडकत असतील तर सेल्फला हळूच ठोकल्यावर गाडी लागते, ही त्याची खूण. मग बुश, म्हणजे शाफ्ट ज्यात फिरतो त्या नळ्या. पितळी बुश झिजले की आर्मेचर (सेल्फचा फिरणारा भाग) खाली बसून पोलला (भोवतीच्या न फिरणाऱ्या भागाला) घासतं. करंट खूप खातं आणि फिरत नाही. आर्मेचरवर चकचकीत घासलेला पट्टा दिसला की समजायचं. रिवाइंड करताना बुश बदलले नसतील, तर दोनदा काय, पाचदा रिवाइंड करून फरक पडणार नाही. ‘गरम झाल्यावर त्रास वाढतो’ असं तुम्ही म्हणता. एक्झॉस्टच्या उष्णतेवर ते ढकलू नका, कारण या १४८९ सीसीच्या इंजिनात मॅनिफोल्ड एका बाजूला आणि सेल्फ दुसऱ्या बाजूला असतो. तापल्यावर तांब्याचा विरोध थोडा वाढतो, मूळचा कमजोर जोड तेवढ्याने हात टेकतो.

बेंडिक्सची (सेल्फचा छोटा दातेरी गिअर पुढे सरकवून इंजिनाला जोडणाऱ्या भागाची) तक्रार तुमची नाही, पण हा लेख वाचणाऱ्या दुसऱ्या कुणाची असेल. सेल्फ गर्रकन फिरतो आणि इंजिन हलत नाही, तो वायरिंगचा दोष नव्हे. बेंडिक्सवर क्लचची धूळ आणि तेल बसून लापी झालेली असते. घासलेटने धुवा, कोरडं करा, तेल लावू नका. दात रिंगमध्ये (इंजिनाच्या फ्लायव्हीलवरच्या दातेरी कडीत) अडकून बसले असतील तर इग्निशन बंद ठेवून टॉप गिअर टाका आणि गाडी पुढेमागे हलवा, किंवा सेल्फच्या मागच्या टोकाची टोपी काढून आतला चौकोनी शाफ्ट पान्याने फिरवा. ठरावीक वेळाच पकडत नसेल तर रिंग गिअर बघा. चार सिलिंडरचं इंजिन बंद होताना बहुधा समोरासमोरच्या दोन जागांवरच थांबतं, त्यामुळे दात तिथेच झिजतात. हँडलने इंजिन थोडं पुढे फिरवल्यावर पकडलं, तर तोच प्रकार.

आता रिले. ज्या गाड्यांत सॉलेनॉइड सेल्फच्याच पाठीवर असतो, तिथे तो दांडा ढकलून पिनियनही (सेल्फचा छोटा दातेरी गिअर) पुढे सरकवतो, त्याला करंट भरपूर लागतो आणि तो सगळा किल्लीच्या स्विचमधून जातो. तिथे रिले योग्य, मी स्वतः टाकतो. तुमचा वेगळा सॉलेनॉइड हा मुळात मोठा रिलेच आहे. त्याला मोजकेच अँपिअर लागतात. त्याच्या आधी आणखी एक रिले टाकला तर झिजलेला स्विच काही महिने लपेल, आणि ‘टक् होऊन थांबणं’ तर तसूभर बदलणार नाही.

दुसऱ्या गाडीच्या सेल्फचं म्हणाल, तर तो बसवता येतो, लहान असतो, कमी करंटात जोरात फिरवतो. पण त्यालाही परतीचा रस्ता याच पट्टीतून. शिवाय पिनियनचे दात आणि रिंग गिअरचे दात जुळले पाहिजेत, नाहीतर थोड्याच दिवसांत रिंग खाल्ली जाते, आणि रिंग बदलायला गिअरबॉक्स खाली उतरवावा लागतो. मूळ सेल्फ शाबूत असताना मी तो मार्ग धरणार नाही.

जंपर केबलची तपासणी करून काय झालं ते लिहा. सोबत तीन आकडे द्या: सेल्फ मारताना बॅटरीच्या दोन खांबांमधले व्होल्ट, निगेटिव्ह खांब ते इंजिन, आणि पॉझिटिव्ह खांब ते सेल्फ. नव्या सॉलेनॉइडला बारीक टोकं किती आहेत आणि कुठल्या टोकावर कुठली वायर आहे, तेही कळवा.